करंजी घाट आणि माझी धडधड

करंजीचा घाट तसा फार मोठा नाही. कोकणात उतरणारे घाट ज्यांनी पाहिलेत, त्यांना याला घाट म्हणायचं म्हणजे हसूच येईल. काही वळणं, एका बाजूला उघडा माळ, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, आणि मधून कुरकुरत जाणारे मालट्रक. पाथर्डीहून नगरला जाताना हा घाट लागतो. माझं माहेर नगरचं आणि सासर पाथर्डीचं, त्यामुळे लग्न झाल्यापासून हा घाट माझ्या पायाखालचा. माहेरी जाताना आनंदात आणि परत येताना पेंगत, एवढाच काय तो माझा त्याच्याशी संबंध.

त्याच घाटात, एका एप्रिलच्या दुपारी, मला वाटलं की मी मरते आहे.

मी पाथर्डीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नगरला गेले होते आणि एसटीनं परत येत होते. बस भरलेली होती, पण मला खिडकीजवळ जागा मिळाली होती. घाट सुरू झाला आणि अचानक छातीत धडधडायला लागलं. आधी वाटलं ऊन लागलं असेल. मग बोटांना मुंग्या आल्या, गळा आवळल्यासारखा झाला, श्वास घेतला तरी तो आत पोचेना. कानात शिट्टी वाजावी तसा आवाज. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय होतंय ताई?" मला उत्तर देता येईना. एवढंच कळत होतं की हृदयाचा झटका आलाय आणि आपण घरापर्यंत पोचत नाही.

कंडक्टरनं बस थांबवली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. घाट उतरल्यावर करंजीत एका छोट्या दवाखान्यात मला नेलं. हे मोटरसायकलवरून धावत आले. यांचं पाथर्डीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हात काळे, शर्टाला तेलाचे डाग, तसेच आले होते. तोपर्यंत माझा ईसीजी निघाला होता आणि तो अगदी व्यवस्थित होता.

"घाबरल्या असतील," डॉक्टर म्हणाले. "विश्रांती घ्या. ताण घेऊ नका."

पुढच्या आठवड्यात पाथर्डीत रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. सगळे म्हणाले, चला, सुटलो. मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. अंगात एवढं वादळ येऊन गेलं आणि कागदावर त्याची खूणही नाही, म्हणजे मग हे आहे तरी काय, हा विचार आजारापेक्षा वाईट होता.

थोड्याच दिवसांनी पुन्हा नगरला जायचं होतं. तेव्हा घाट यायच्या आधीच, तिसगाव सोडताच, तेच सगळं सुरू झालं. मी उतरले आणि समोरून आलेल्या जीपनं घरी परतले. त्यानंतर मी त्या रस्त्यालाच लागले नाही.

भीती एका जागी थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी घाट नको झाला. मग एसटी नको झाली. मग कुणाची चारचाकी असली तरी नको, कारण तीही घाटातूनच जाणार. पुढे पुढे शेवगावला, म्हणजे अगदी उलट्या दिशेला जायचं म्हटलं तरी मी काहीतरी कारण काढायची. शाळेचं विज्ञान प्रदर्शन नगरला होतं, ते मी दुसऱ्या बाईंवर ढकललं. भाऊबीजेला गेले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. भाऊच ओवाळून घ्यायला पाथर्डीला आला, आणि जाताना दारात उभा राहून म्हणाला, "आईला काय सांगू? ती तुझ्यासाठी अनारसे करून बसलीय." मी म्हटलं, "सांग, पुढच्या महिन्यात येते." तो महिना आला आणि गेला.

घरात आम्ही तिघं. मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी उमेदीची वर्षं ऊसतोडीत काढली. दिवाळी झाली की बिऱ्हाड बैलगाडीत घालायचं आणि कारखान्याच्या तळावर जायचं, ते उन्हाळ्यातच परत. आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण अजून आवाज असा, की बोलल्या की गल्लीला ऐकू जातं. त्यांनी त्यांच्या परीनं माझ्यावर उपाय सुरू केले होते. मीठ-मोहरी ओवाळून झाली. मढीच्या देवस्थानाहून अंगारा आला. विज्ञान शिकवणारी बाई मी, पण तो अंगारा कपाळाला लावून घेतला आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या खरखरीत बोटाचा स्पर्श झाला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एक दिवस हे दुकानातून आले ते म्हणाले, "दर बुधवारी नगरहून एक डॉक्टर येतात. मनाच्या. गिऱ्हाईक सांगत होतं, त्याच्या बहिणीला गुण आला."

गावात तो दवाखाना कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शाळेतल्या निम्म्या मुलांची घरं त्याच रस्त्यावर.

"लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

आत्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोकं माज्या कवळीवरबी बोलत्यात. म्हनून मी जेवायचं सोडलं व्हय? मी येते संगं. चल."

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. पायात खेळायचे बूट, केस वर बांधलेले. माझं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला मेंदूची आकृती मीच काय दाखवू? तुम्हीच मुलांना फळ्यावर काढून दाखवत असाल."

ते खरं होतं. मोठा मेंदू, लहान मेंदू, मज्जारज्जू. वर्षानुवर्षं रंगीत खडूनं काढत आले होते. पण त्या आकृतीत भीतीची जागा कुठे आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं की मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो शरीराला पळायला तयार करतो. हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो, हातापायांना मुंग्या येतात. समोर साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण कधी कधी साप नसतानाही तो भाग ओरडतो. मग माणसाला त्या ओरडण्याचीच भीती बसते. जिथे ते झालं ती जागा, तो वास, ती बस, सगळंच मेंदू धोक्याच्या यादीत टाकतो.

"मग ही भीती पुसता येते?" मी विचारलं.

"पूर्वी वाटायचं की पुसली जाते," त्या म्हणाल्या. "अलीकडच्या संशोधनातून वेगळंच दिसतंय. भीतीची जुनी आठवण जात नाही. पण तिच्या शेजारी नवी आठवण तयार करता येते. इथे काही वाईट झालं नाही, अशी. मग त्या दोघींची ओढाताण चालते. जिला सराव जास्त, ती वर येते."

आत्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी दोन सवती म्हना की एका घरात."

डॉक्टर खळखळून हसल्या. "अगदी तसंच आजी. आणि आपण धाकटीची बाजू घ्यायची."

"पन माज्या सुनंचं वय झालंय आता. या वयात मेंदू नवं शिकतोय व्हय?"

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. आत्यांच्या हिशेबानं वय झालेलीच.

"शिकतो," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी मानायचे की मोठेपणी मेंदू घट्ट होऊन बसतो. तसं नाही. म्हातारपणीसुद्धा त्यात नव्या जोडण्या होत राहतात. फक्त त्याला नुसतं समजावून चालत नाही. अनुभव द्यावा लागतो."

त्यांनी काही महिन्यांसाठी एक गोळी सुरू केली. आणि एक काम दिलं. मला घाटाकडे जायचं होतं, थोडं थोडं, पण पळून यायचं नव्हतं. प्रत्येक वेळी निघण्याआधी मोठ्यानं सांगायचं, की आज काय होईल असं वाटतंय. परत आल्यावर सांगायचं, की काय झालं. जे वाटलं आणि जे झालं, त्यात जितकं अंतर, तितका मेंदूला धक्का बसतो आणि तितकं तो शिकतो. "आणि त्या दिवशी नीट झोपा," त्या म्हणाल्या. "दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो."

घरी आल्यावर माझ्यापेक्षा आत्यांनाच उत्साह आला. रविवारी सकाळी आंघोळ करून, नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"आज काय हुनार हाय मग? सांग."

"तिसगावला जाईपर्यंत मला चक्कर येईल. मी जीपमध्ये पडेन."

"बरं. चल, पडू."

तिसगावपर्यंत गेलो. धडधडलं, घाम आला, पण मी पडले नाही. स्टँडजवळ उसाचा रस प्यायलो. आत्या रस पिताना म्हणाल्या, "ह्यो ऊस कुनी तोडला आसंल काय म्हाईत," आणि ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "पडलीस का?"

"नाही."

"मग पुढच्या बारीला करंजी."

असं आमचं चालू झालं. जीपवाले आम्हाला ओळखायला लागले. एका जीपवाल्यानं तर आत्यांना विचारलं, "आजी, तुमचं करंजीत काय काम असतं ओ? नुसतं चहा पिऊन माघारी येता." आत्या म्हणाल्या, "सुनंला वर्जिश हाय." त्याला ही व्यायामाची भाषा काय कळली कोण जाणे. त्यानं गंभीरपणे मान हलवली.

माझ्या पर्समध्ये तेव्हा लिंबू असायचं, पाण्याची बाटली असायची, डॉक्टरांनी अडचणीसाठी दिलेली एक गोळी असायची, आणि हातात आत्यांचा हात. धडधड वाढली की आत्या माझा हात दाबायच्या, लिंबू नाकाशी धरायच्या, पदरानं वारा घालायच्या. त्यांच्यामुळेच मी एवढं करू शकत होते. असं निदान मला वाटत होतं.

पहिल्यांदा घाट ओलांडायचा ठरला त्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. करंजी मागे पडलं, चढ लागला, आणि ते आलं. पहिल्या दिवसासारखंच, पूर्ण ताकदीनं. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हणत होते, थांब, थोडं थांब, हे उतरेल. पण माझा चेहरा पांढरा पडला असणार, कारण आत्या जागेवरून उठल्या आणि त्यांच्या त्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात कंडक्टरला ओरडून म्हणाल्या, "थांबवा गाडी! अवो मास्तर, थांबवा! माजी सून जातीया!"

गाडी थांबली. आम्ही उतरलो. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मी रडले. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बुधवारी डॉक्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असे दिवस येणारच. पण मग एक गोष्ट त्यांनी हळुवारपणे समजावली. लिंबू, बाटली, गोळी, आत्यांचा हात, हे सगळं प्रेमाचं आहे, पण मेंदू त्यातून चुकीचं शिकतो. तो म्हणतो, घाट धोक्याचाच आहे, मी वाचले ते लिंबामुळे. मी वाचले ते गाडी थांबवली म्हणून. हे एक एक सोडावं लागेल.

घरी आल्यावर दोन दिवस आत्या नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माज्यामुळं तू मागं गेलीस व्हय?"

"नाही हो आत्या. तुम्ही नसता तर मी तिसगावलासुद्धा गेले नसते."

"न्हाई. त्या डाक्तरीन बाईचं खरं हाय." त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला एक सांगते. तुझ्या नवऱ्यालाबी म्हाईत न्हाई."

त्यांनी जे सांगितलं ते असं. हे तेव्हा तान्हे होते. कारखान्याकडे जाताना गाडी कॅनॉलच्या कडेनं चालली होती. पहाटेचं धुकं होतं. आत्या गाडीत सामानावर बसल्या होत्या, पोटाशी बाळ. बैल बुजले आणि चाक कडेवरून घसरलं. गाडी कलंडली. आत्या बाळासकट पाण्यात पडल्या. पाणी कमरेएवढंच होतं, दोघांनाही लोकांनी लगेच ओढून काढलं, बाळाला ओरखडासुद्धा आला नाही. कपडे वाळवून बिऱ्हाड पुढे निघालं.

"पन मी गाडीत बसले न्हाई," आत्या म्हणाल्या. "चालत निघाले. पोराला झोळीत बांधून गाडीमागं चालत. त्या साली चालले, पुढल्या सालीबी चालले. जितकी वर्सं तोडीला गेले, तितकी वर्सं बैलगाडीत बूड टेकलं न्हाई. लोकं म्हनायची, बाई लई काटक हाय, सबंद वाट चालती. सासरा कौतिक करायचा. काटक कसली, भ्याले हुते मी. गाडीकडं बघितलं तरी छातीत आसं व्हायचं," आणि त्यांनी मूठ छातीवर आपटून दाखवली. धाड, धाड, धाड.

लग्न होऊन आल्यापासून मी हेच ऐकत आले होते. आत्या कशा चालायच्या, तळापासून उसाच्या फडापर्यंत, गावापासून कारखान्यापर्यंत. आमच्या घरातली ती अभिमानाची गोष्ट होती.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? नाव तरी हाय का त्याला? तुला निदान सांगनारं कोनतरी भेटलंय. मला कोन हुतं?" त्यांनी सोललेल्या तुरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "आता आसं कर. पुढल्या बारीला मी तुझ्याजवळ बसायची न्हाई. मागं बसंन. आन तोंडातून सबूद काढायची न्हाई."

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या वेळी बसमध्ये त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि करंजी यायच्या आत शेजारच्या बाईचं माहेर, सासर, किती मुलं, सगळं विचारून झालं. चढ लागला तसा त्यांचा आवाज थांबला. मी मागे वळून पाहिलं नाही. पण मला कळत होतं की त्या श्वास रोखून बसल्यात. लिंबू मी घरी ठेवलं होतं. धडधड आली, वाढली, आणि मी फक्त तिला नाव दिलं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. मनातल्या मनात म्हटलं, ही भीती आहे. छातीत धडधडतंय. बोटांना मुंग्या आल्यात. एवढंच. भावनेला शब्द दिला की मेंदूतला तो ओरडणारा भाग थोडा शांत होतो, असंही संशोधनात दिसलंय म्हणे. माझा काही एका क्षणात शांत झाला नाही. पण घाट संपायच्या आत तो थकला, मी नाही.

घाटाच्या पलीकडच्या पहिल्या थांब्यावर आम्ही उतरलो. आत्या पायऱ्या उतरत असतानाच म्हणाल्या, "बोलू का आता?"

त्या दिवशी दुपारी मी घरी येऊन गाढ झोपले. कितीतरी महिन्यांनी.

त्यानंतर एकटीनं जायची पाळी होती. आत्या मला स्टँडवर सोडायला आल्या. मी त्यांना सांगितलं की आज मला वाटतंय, घाटात काहीतरी होईल आणि मी मध्येच अडकेन. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

आणि खरोखर तसंच झालं. घाटात एक ट्रक बंद पडून आडवा झाला होता. पुढे-मागे गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बसमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत मला माझं हृदय ऐकू यायला लागलं. ज्याची मी वर्षभर भीती घेतली होती ते समोर होतं. घाटाच्या मध्यावर, बंद बस, पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, ओळखीचं कुणी नाही, पर्समध्ये काही नाही.

हात बर्फासारखे झाले. श्वास लहान झाला. दरवाजा उघडा होता, काही लोक उतरून रस्त्यावर उभे होते. मीही उतरू शकले असते, चालत करंजीला जाऊ शकले असते. पाय तसे हललेही. मग मला आत्या आठवल्या, झोळीत बाळ घेऊन गाडीमागून चालणाऱ्या. मी बसून राहिले.

लाट चढत गेली. माझ्या शेजारी बुरखा घातलेली एक बाई होती, मांडीवर मिठाईचा पुडा. तिनं विचारलं, "आपको कुछ तकलीफ है क्या बाई?" आणि लगेच मराठीवर आली, "गरम होतंय का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी माणसाला खरं सांगितलं. "मला घाटाची भीती वाटते. पण जाईल थोड्या वेळानं."

"अच्छा," ती म्हणाली. जराही दचकली नाही. "माझ्या बहिणीला लिफ्टचं असं होतं." आणि ती मिठाई कुठे घेऊन चालली होती ते सांगू लागली. नगरला भाच्याचा साखरपुडा होता. मी ऐकत होते आणि आत छातीत सगळं चालूच होतं, दोन्ही एकाच वेळी. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी तिला भाच्याची नोकरी विचारते आहे आणि हाताला ऊब आली आहे. ट्रक अजून आडवाच होता. कुणी बस हलवली नव्हती, कुणी मला वाचवलं नव्हतं. ते आपणहून आलं होतं आणि आपणहून उतरलं होतं.

नगरला आईच्या दारात उभी राहिले तेव्हा ती भाजी चिरत होती. विळी तशीच ठेवून उठली. "सांगून का नाही आलीस?" एवढंच म्हणाली आणि मला धरून ठेवलं. जेवताना ती मला वाढत होती आणि सारखी माझ्याकडे पाहत होती. भावानं फोन करून आत्यांना सांगितलं की पोचली. फोनमधून आत्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "मला म्हाईतच हुतं!" त्यांना काही माहीत नव्हतं. हे नंतर म्हणाले, दिवसभर त्या देवासमोर बसून होत्या.

मी बरी झाले, असं एका वाक्यात सांगता येत नाही. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. घाट मी पुन्हा ओलांडू लागले. कधी धडधड येते, कधी येत नाही. आता नववीच्या वर्गात मेंदूची आकृती काढते तेव्हा खडूनं एक बदामही काढते आणि तो काय करतो ते सांगते. पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी पाण्याच्या नळापाशी थांबली होती. म्हणाली, "बाई, माझ्या आईलापण असं होतं. तिला घेऊन येऊ का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "माझ्याकडे ये, मग आपण तिघी डॉक्टरांकडे जाऊ." ती आई आली. ती कसल्या भीतीनं घरात बसली होती ते इथे सांगत नाही, ती गोष्ट तिची आहे. पण बुधवारी आम्ही गेलो, आणि तिच्या आधी रांगेत माझ्याच गल्लीतले एक काका बसले होते. त्यांनी मला पाहून मान खाली घातली नाही, नमस्कार केला.

डॉक्टरांनी एक सावधगिरी सांगितली होती. नवी आठवण जागेला चिकटून असते. करंजीचा घाट मेंदूनं माफ केला म्हणजे सगळे घाट माफ केले असं नाही. म्हणून वेगवेगळ्या रस्त्यांनी जा, वेगवेगळ्या गाड्यांतून जा. हे मला पटलं होतं, पण कळलं ते गेल्या आषाढात.

आमच्या शाळेतल्या एक बाई बदली होऊन राजूरला गेल्या होत्या. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या पुढे, डोंगरात. त्या किती दिवसांपासून बोलावत होत्या. मी आणि आत्या निघालो. नगर झालं, संगमनेर झालं, अकोलं मागे पडलं आणि डोंगराचा चढ लागला. धुकं होतं. आणि माझ्या छातीत ती जुनी धडधड जशीच्या तशी सुरू झाली. मला आधी राग आला. एवढं सगळं केलं, पुन्हा पहिल्यापासून? मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं. हा घाट माझ्या मेंदूला माहीतच नव्हता. त्याची ओळख करून द्यायची होती.

"आत्या, धडधडतंय," मी म्हटलं.

त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि बाहेरच पाहत राहिल्या. "अगं, कितीक पानी हाय गं हितं! रस्त्यावरनंसुदीक पानी वाहतंय. आमच्याकडं कुनी सांगितलं तर खोटं म्हनतील."

मीही पाहिलं. डोंगराच्या प्रत्येक घडीतून पांढरी धार उतरत होती. धडधड होती, आणि पाणीही होतं. राजूर येईपर्यंत धडधड ओसरली, पाणी मात्र वाढत गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आम्हाला त्यांच्या ओळखीच्यांच्या खाचरावर घेऊन गेल्या. भाताची लावणी चालू होती. बायका पावसासाठी डोक्यावर पानांची इरली घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून हिरवी रोपं टोचत होत्या. आत्या बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. आयुष्यभर ज्यांनी उभं पीक तोडलं, त्यांनी भात लावताना कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी चपला काढल्या.

"आत्या, घसराल!"

"घसरले तर चिखलातच पडंन की," त्या म्हणाल्या, कासोटा वर खोचला आणि खाचरात उतरल्या. एका बाईनं हसत त्यांच्या हातात रोपांची जुडी दिली आणि कसं लावायचं ते दाखवलं. आत्यांनी पहिलं रोप लावलं, ते आडवं झालं. दुसरंही झालं. तिसरं उभं राहिलं. त्या सरळ झाल्या, कमरेवर चिखलाचा हात ठेवला आणि त्यांच्या त्या आवाजात, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं, मला म्हणाल्या, "बघतीस काय तिथनं? ये की खाली!"

मी चपला काढल्या.